समान संधी केंद्राचं काम अंगावर आलं की

समान संधी केंद्राचे, म्हणजे वंचित घरांतल्या मुलांचं शिक्षण अडू नये म्हणून कॉलेजात असलेल्या केंद्राचे समन्वयक म्हणून तुमच्या नावाची ऑर्डर निघाली असेल, तर फलक रंगवण्याच्या आणि उद्घाटनाचा पाहुणा ठरवण्याच्या आधी एक कॅलेंडर करा. परीक्षा, सुट्ट्या, युवक महोत्सव हे कॉलेजच्या कॅलेंडरात असतंच. तुमच्या कॅलेंडरात तुमच्या भागातले आईबाप कामासाठी घर कधी सोडतात आणि परत कधी येतात, हे लिहा.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित कॉलेजात इतिहास शिकवते. आमच्याकडच्या पुष्कळ मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते. दसरा झाला की टोळ्या निघायला लागतात, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, गावात म्हातारी माणसं आणि शिकणारी पोरं तेवढी उरतात. नेमका ह्याच काळात महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलचा अर्ज येतो, परीक्षेचा फॉर्म येतो, बँकेत सही लागते. वडिलांचं शपथपत्र हवं असतं तेव्हा वडील कर्नाटकातल्या एखाद्या फडात कोयता चालवत असतात. आधारला जोडलेला मोबाईल नंबर वडिलांचा, म्हणून ओटीपीसुद्धा फडावर जातो. योजना आहे, मूल पात्र आहे, कॉलेजात नावही आहे, तरी त्याचं वर्ष इथे अडकतं.

तुमच्याकडे चित्र वेगळं असेल. पालघर-नंदुरबारकडे वीटभट्ट्या आणि बांधकामं असतील, विदर्भात कापसाची वेचणी असेल. पण अशी एखादी तारीख तुमच्या तालुक्यातही असणारच, जिच्यानंतर मुलाच्या कागदावर सही करायला घरी कोणी नसतं. ती तारीख शोधा आणि सगळं काम तिच्या अलीकडे आणा. ह्या लेखातलं बाकीचं सांगणं ह्या एका गोष्टीवरच उभं आहे.

२०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशाचं सकल नोंदणी प्रमाण, म्हणजे कॉलेजच्या वयाच्या शंभर मुलांमागे उच्च शिक्षणात किती नावं आहेत ते, २८.४ होतं, अनुसूचित जातींचं २५.९ आणि अनुसूचित जमातींचं २१.२. हे आकडे भाषणात फार वापरले जातात. ते नाव घातलेल्या मुलांचे आहेत. नाव पटावर आणि पोरगं फडात, हे त्यात दिसत नाही. आपलं काम नाव घातल्यानंतर सुरू होतं.

प्रवेशाच्या टेबलावर बसा

जून-जुलैत प्रवेश चालू असतात तेव्हा ऑफिसच्या बाबूंशेजारी एक खुर्ची मागून घ्या. प्राचार्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे कोणाला अडथळा वाटणार नाही. प्रवेश अर्जात जे विचारलेलं नसतं ते तुम्ही विचारायचं आहे: डिसेंबरात घरी कोण असतं? आधारला कोणाचा नंबर आहे? खातं कुठल्या बँकेत, आणि ते स्वतःचं आहे की आईबरोबरचं? आजोबा शाळेत गेले होते का, कुठल्या गावच्या? गाडी किती वाजता सुटते? धाकट्या भावंडांना कोण सांभाळतं?

हे प्रश्न रांगेत सगळ्यांसमोर विचारू नका. बाजूला घेऊन, पाणी देऊन, सावकाश विचारा. पोरी तर आईसमोर एक सांगतात आणि एकट्या असल्या की दुसरं सांगतात, तेव्हा शक्य झालं तर दोनदा विचारा. उत्तरं एका वहीत लिहा, दर मुलामागे एक पान. वही कपाटात, कुलपात. तिच्यात जात, उत्पन्न, घरची भांडणं सगळं येतं, म्हणून ती कोणाच्याही हाती द्यायची नाही. कॉम्प्युटरवर तक्ता करायला हरकत नाही, पण मला वहीचा उपयोग जास्त झाला आहे. पान उलटलं की मूल डोळ्यांसमोर येतं.

फीचा प्रश्न इथेच, पहिल्या दिवशी उभा राहतो. शिष्यवृत्तीला किंवा फ्रीशिपला, म्हणजे शुल्कमाफीला, पात्र असलेल्या मुलाकडून संपूर्ण शुल्क आधी भरून घेऊ नये, असे शासनाचे आदेश आहेत. तरी काउंटरवर ‘आधी भरा, नंतर परत मिळेल’ असं सांगितलं जातं आणि मूल मागच्या पावली घरी जातं. ते परत येत नाही, आणि ते का आलं नाही याची कुठेही नोंद होत नाही. अनुसूचित जातीच्या मुलांना महाडीबीटीवरून फ्रीशिप कार्ड काढता येतं, ते दाखवलं की प्रवेशाच्या वेळी शुल्क न घेता प्रवेश द्यायचा असतो. ह्याची एक छापील सूचना तुम्हीच तयार करा, प्राचार्यांची सही घ्या आणि काउंटरच्या काचेवर आतून चिकटवा. आतून अशासाठी, की ती बसलेल्या माणसालाही रोज दिसली पाहिजे.

आणखी एक. मूळ कागदपत्रं कॉलेजने अडकवून ठेवायची नसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या अधिसूचनेत हे स्वच्छ सांगितलं आहे: मूळ प्रती पडताळायच्या, छायाप्रती ठेवायच्या आणि मूळ प्रती लगेच परत द्यायच्या. गरीब घरातल्या मुलाकडे टीसी आणि गुणपत्रिका हीच काय ती मालमत्ता असते. ती कोणाच्या टेबलाच्या खणात राहिली की ते दुसरीकडे अर्जही करू शकत नाही.

एप्रिल ते दसरा: कागदांचा हंगाम

उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. नॉन-क्रीमीलेअरचं, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याचंही तसंच. हे आपल्या पथ्यावर पडणारं आहे, कारण टोळ्या परत येतात त्याच सुमारास नवीन आर्थिक वर्ष लागलेलं असतं. एप्रिल ते जूनमध्ये वडील घरी असताना तलाठ्याकडून सुरुवात करून तहसीलचा दाखला काढला, की पुढच्या ३१ मार्चपर्यंत निर्धास्त. बहुतेक मुलं तो ऑक्टोबरात काढायला जातात, कारण अर्ज तेव्हा भरायचा असतो. तुम्ही द्वितीय आणि तृतीय वर्षाच्या मुलांना उन्हाळी परीक्षेच्या शेवटच्या पेपरला भेटा आणि यादी हातात द्या. प्रथम वर्षाला येणारी मुलं तुमच्या आसपासच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बारावीला असतात, तिथेही मार्चमध्ये एक चक्कर मारा. दाखला तीन वर्षांचाही मिळतो, तो मागायला सांगा.

नॉन-क्रीमीलेअर इतर मागास, विमुक्त जाती-भटक्या जमाती, विशेष मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास ह्या प्रवर्गांना लागतं. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. ही साधी गोष्ट आहे, पण अनुसूचित जातीची मुलं नॉन-क्रीमीलेअरसाठी सेतूच्या, म्हणजे दाखले काढून देणाऱ्या केंद्राच्या रांगेत उभी असलेली मी पाहिली आहेत, कोणीतरी सांगितलं म्हणून.

आता जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला समितीने तपासून दिलेलं प्रमाणपत्र. ह्याला वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त मुलं इथे हरतात. बी.ए., बी.एस्सी.ला ते कोणी तातडीने मागत नाही, म्हणून मूल आणि आपण दोघेही विसरतो. मग ते बी.एड.ला, फार्मसीला, कायद्याला राखीव जागेवर जायला बघतं आणि हातात वैधता नसते. म्हणून प्रथम वर्षालाच अर्ज करायला लावा. अनुसूचित जाती, विमुक्त-भटके, इतर मागास यांच्यासाठी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती असते. अनुसूचित जमातींच्या समित्या आदिवासी विकास विभागाच्या, वेगळ्या असतात.

पुराव्यांसाठी चार तारखा पाठ करा. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गांना १३ ऑक्टोबर १९६७. ह्या मानीव दिनांकांच्या आधीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा लागतो. म्हणजे मुलाचा किंवा वडिलांचा दाखला पुरत नाही, आजोबा-पणजोबांपर्यंत जावं लागतं. आजोबा शाळेत गेलेले नसतील, तर चुलत आजोबा गेले होते का ते विचारा. आईकडचं नातं चालत नाही, वडिलांच्या बाजूचं रक्ताचं नातं लागतं, पण आत्याचा शाळेचा दाखला चालतो आणि तो कोणाला आठवत नाही. शाळेत जाऊन दाखल्याच्या सोबत प्रवेश-निर्गम उतारा मागा. शाळा नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४, कोतवाल बुक. जुना सातबारा, खासरा पत्रक, खरेदीखत. घराण्यात कोणाचं वैधता प्रमाणपत्र आधीच निघालेलं असेल तर त्याची प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र जोडा, त्याने काम पुष्कळ सोपं होतं.

मराठवाड्यात आणखी एक पेच आहे. १९४८ च्या आधी आम्ही निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळे जुनी दफ्तरं उर्दूत आणि मोडीत आहेत. इतिहास विभागातल्या सहकाऱ्यांना ह्यात ओढा. मोडी वाचणारं एखादं माणूस जिल्ह्यात असतंच, उर्दू शाळेतले गुरुजी असतात. पण समितीला सादर करायचं लिप्यंतर अधिकृत जाणकाराकडूनच घ्या. एका घराण्याची नोंद सापडली की ती त्या भावकीतल्या सगळ्या मुलांच्या कामाची असते. म्हणून वहीत आडनाव आणि गाव एकत्र लिहून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच गावचं दुसरं मूल आलं की पुन्हा पहिल्यापासून शोधायला नको.

नावांचंही इथेच बघून टाका. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं, असं असलं तर दहावीचं नाव प्रमाण धरून बाकीची दुरुस्त करून घ्या.

बँकेचं खातं: ‘लिंक आहे’ यावर विश्वास ठेवू नका

शिष्यवृत्ती मंजूर होते, पैसे सुटतात आणि मुलाला मिळत नाहीत. का? मूल म्हणतं, ‘मॅडम, आधार लिंक आहे.’ बँकेत आधार दिलेलं असतं, पण पैसे जातात ते एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या यादीत ज्या खात्याशी आधार जोडलेलं असेल तिथे. त्याला सीडिंग म्हणतात. एका आधारला एकच खातं जोडलेलं असतं, आणि शेवटी जे जोडलं ते खरं. मुलाने मध्येच दुसरीकडे खातं उघडलं आणि तिथे संमतीच्या चौकटीत टिक केली, की पैसे तिकडे वळतात. कधी ते खातं बंद पडलेलं असतं आणि रक्कम परत जाते.

आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहता येतं. ते ऑगस्टमध्ये दर मुलाचं स्वतः बघा, बँकेचं नाव वहीत लिहा. ओटीपी वडिलांच्या नंबरावर जात असेल तर आधी मुलाला आधार केंद्रात पाठवून स्वतःचा नंबर घालायला लावा, त्याला फक्त बोटांचे ठसे लागतात. खेड्यातल्या मुलांसाठी पोस्ट चांगलं. पोस्टमन घरी येऊन इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडून देतो आणि आधारमधला मोबाईल नंबरही बदलून देतो. आमच्याकडे पोस्टमास्तरांना विनंती केली तर कॉलेजात टेबल टाकून बसतात.

कागदपत्रांविना उघडलेली जी छोटी खाती असतात त्यांना मर्यादा आहे: वर्षभरात १ लाखाच्या वर जमा नाही, शिल्लक ५० हजारांच्या वर नाही. इंजिनिअरिंगच्या मुलाचं शुल्क अशा खात्यात येताना अडतं. पासबुक बघून खात्याचा प्रकार विचारून घ्या आणि केवायसी पूर्ण करून ते साधं बचत खातं करून घ्या.

महाडीबीटी

अर्ज बाहेरच्या सेंटरवर भरू देऊ नका. सेंटरवाला स्वतःचा मोबाईल नंबर घालतो, पासवर्ड त्याच्या डायरीत राहतो, आणि अर्ज परत आला तर कळतं त्याला, मुलाला नाही. कॉलेजची प्रयोगशाळा संध्याकाळी दोन तास उघडी ठेवा, वरच्या वर्गातली चार मुलं बसवा आणि अर्ज तिथे भरून घ्या. ह्या मुलांना कमवा व शिका योजनेतून पैसे द्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्याला कॉलेज काढलं तेव्हापासून ही योजना महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. माझं आग्रहाचं म्हणणं आहे की त्या पोरांना झाडांना पाणी घालण्यापेक्षा असं काम द्यावं, ज्यात त्यांचं शिकणं वाढतं आणि दुसऱ्याचंही अडत नाही.

अर्ज भरला की तो आपल्या कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला येतो, मग प्राचार्यांच्या, मग समाजकल्याण किंवा संबंधित खात्याच्या. सगळ्यात जास्त काळ तो आपल्याच पहिल्या दोन टप्प्यांवर पडून असतो. दर शनिवारी क्लार्कबरोबर बसून प्रलंबित यादी बघा. त्यांच्यावर आवाज चढवू नका. त्या एका माणसावर परीक्षा, प्रवेश, वेतन सगळं असतं, तुम्ही शेजारी बसून कागद वाचून दाखवले तरी त्यांचं निम्मं काम हलकं होतं. परत पाठवलेले अर्ज वेगळे काढा आणि मुलाला फोन करा, एसएमएसवर विसंबू नका. द्वितीय-तृतीय वर्षाला नूतनीकरण करावं लागतं, ते आपोआप होत नाही, हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं.

कोणत्या मुलाला कोणती योजना, हे वहीतल्या पानावर तुम्हीच लिहा. अनुसूचित जाती-जमातींना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, त्याच्या वर असेल तर फ्रीशिप. व्यावसायिक अभ्यासक्रमांत खुल्या आणि इतर घटकांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, मर्यादा ८ लाख. मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे: आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून नाही. ‘मुलींना सगळं मोफत’ एवढंच ऐकून कोणी थेट संस्थेत जाऊन जागा घेतली, तर सगळी फी भरावी लागते. बारावीच्या मुलींना हे बोर्डाच्या परीक्षेआधी सांगा.

६० टक्के मुलाच्या खात्यात येतात तेव्हा

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा हिस्सा ६० टक्के, राज्याचा ४०. २०२१-२२ पासून केंद्राची रक्कम थेट मुलाच्या खात्यात येते. त्यात त्याचा निर्वाह भत्ताही असतो आणि कॉलेजचं शुल्कही. शुल्काचा भाग ७ दिवसांत कॉलेजात भरायचा असतो.

आता विचार करा. ज्या घरात उचल फिटलेली नाही, आजीचं डोळ्याचं ऑपरेशन राहिलंय, तिथे अचानक काही हजार रुपये येतात. त्यातले किती आपले आणि किती कॉलेजचे, हे मेसेजमध्ये लिहिलेलं नसतं. पैसे घरात लागतात. मग कॉलेज निकाल थांबवतं, टीसी देत नाही, मूल तोंड चुकवायला लागतं आणि शेवटी येणंच सोडतं. पैसे खाल्ले म्हणून त्या मुलाला बोल लावणारे माझे सहकारी आहेत, मला ते मान्य नाही. त्याला कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

उपाय सोपा आहे, पण वेळेवर करावा लागतो. अर्ज मंजूर झाला की ऑफिसकडून दर मुलाच्या नावाने एक चिठ्ठी काढून घ्या: एकूण इतके, तुझे इतके, कॉलेजचे इतके. तीच रक्कम आईला किंवा वडिलांना फोनवर सांगा, मुकादमाच्या फोनवरून का होईना. पैसे जमा झाले की पहिल्या दोन दिवसांत मुलाला भेटा. आणि खर्च झालेच असतील, तर हप्ते बांधून द्या. प्राचार्यांकडून लेखी घ्या की हप्ते चालू असताना परीक्षेचा फॉर्म अडवला जाणार नाही. आमच्याकडे हे चालतं आणि पैसे बुडत नाहीत.

राहणं आणि खाणं

शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांची वसतिगृहं उभी केली. शिक्षण फुकट करूनही खेड्यातलं पोर शहरात राहणार कुठे, हा प्रश्न त्यांना तेव्हा दिसला होता. आजही शुल्क माफ होतं आणि मेसचे पैसे नसतात म्हणून मुलं परत जातात.

समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच करायला लावा. जागा मिळाली नाही तर ती नाकारल्याचा कागद सांभाळून ठेवा, पुढे लागतो. वसतिगृह न मिळालेल्यांना राहण्या-खाण्याचे पैसे देणाऱ्या योजना आहेत: अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना स्वाधार, अनुसूचित जमातींना स्वयंम, इतर मागास आणि विमुक्त-भटक्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६० हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार मिळतात. गुणांची आणि हजेरीची अट असते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत. पैसे उशिरा येतात, हे मुलाला आधीच सांगा, म्हणजे ते खोलीचं भाडं त्या भरवशावर ठरवणार नाही. दोन-तीन महिन्यांचं भागवायला गावातली मेसवाली बाई उधारीवर तयार होते, तुम्ही शब्द दिलात तर. हा शब्द मी दरवर्षी देते.

मुली आणि एस.टी.ची वेळ

बारावीपर्यंत मुलींना एस.टी.चा पास मोफत असतो. पदवीला आल्या की तो थांबतो. विद्यार्थी पासावर दोन तृतीयांश सवलत मिळते, पण उरलेलाही भार असतो, आणि त्याहून मोठा प्रश्न वेळेचा. शेवटची सोयीची गाडी साडेचारची आणि प्रॅक्टिकल पाचला सुटतं, असं असेल तर पोरी विज्ञान शाखा सोडतात किंवा प्रॅक्टिकल बुडवतात. मग आपण म्हणतो, मुलींना विज्ञानात रस नाही.

वेळापत्रक बसवतानाच आगाराचं वेळापत्रक शेजारी घ्या. लांबच्या गावच्या मुलींची बॅच सकाळची करा. आगारप्रमुखांना प्राचार्यांच्या सहीचं पत्र द्या, त्याला मुलींची गावनिहाय यादी जोडा. ‘गाडी वेळेवर सोडा’ असं मोघम पत्र फाईलला जातं. अमुक गावच्या तेवीस मुली अमुक फाट्यावर उभ्या असतात, असं लिहिलं की निदान उत्तर येतं.

आमच्या जिल्ह्यात मुलींची लग्नं लवकर होतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत लग्न होतं आणि जूनमध्ये पोरगी येत नाही. अशा मुलीला फोन करायचा, सासरी करायचा. तिच्या आधी सासूशी बोलायचं, मानाने. परीक्षा द्यायला आली तरी चालेल, एवढंच मागायचं. आणि तिला एक सांगायचं: पदवी हातात येईपर्यंत आधारवर आणि बँकेत सासरचं नाव लावू नको. माहेरच्या नावाचा जातीचा दाखला, दहावीची गुणपत्रिका आणि सासरच्या नावाचं आधार यांचा मेळ बसत नाही, आणि शिष्यवृत्ती तिथे थांबते.

दिव्यांग मुलं

२०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. डोळ्यांना दिसणाऱ्या अपंगत्वाबरोबर सिकलसेल, थॅलेसेमिया, अध्ययन अक्षमता हेही त्यात येतात. मुलं सांगत नाहीत, विचारावं लागतं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर किमान ५ टक्के जागा राखीव आणि वयात ५ वर्षांची सवलत आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नसेल तर जिल्हा रुग्णालयाचा वार बघून सोबत जा.

परीक्षेत लेखनिक आणि दर तासामागे किमान २० मिनिटं जास्त, हा हक्क आहे. तो आदल्या दिवशी मागितला की परीक्षा विभाग गोंधळतो, म्हणून परीक्षा फॉर्मबरोबरच पत्र द्या. लेखनिक होणाऱ्या मुलांची यादी आधीच तयार ठेवा. आणि वर्ग तळमजल्यावर आणा. उताराचा रॅम्प बांधायचा तर एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. त्याहून उभा बांधलेला रॅम्प फोटोपुरता असतो, त्यावरून चाकाची खुर्ची एकट्याने चढवता येत नाही.

वर्गात

शिष्यवृत्तीची यादी फलकावर लावताना प्रवर्गाचा रकाना काढून टाका. ‘एस.सी.वाल्यांनी उभं राहा’ असं वर्गात कधीही म्हणायचं नाही, सहकाऱ्यांनाही म्हणू द्यायचं नाही. नोटीस सगळ्यांना द्या, भेटायला आपल्याकडे बोलवा. ज्या मुलाला अठरा वर्षं जातीवरून हाक ऐकू आली आहे त्याला कॉलेजातही तीच ऐकू आली, तर पुढच्या कुठल्याही योजनेचा त्याला उपयोग नाही. तक्रार आली तर तोंडी मिटवू नका. २०१२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे समतेचे नियम आहेत, २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठात लोकपाल आहेत. तक्रार लेखी घ्या, तारीख घाला, पोच द्या, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच माणसाच्या हाताखाली मुलाला परीक्षेला बसवू नका.

विज्ञान शाखेत मराठी माध्यमातून आलेली मुलं पहिल्या सत्रात गप्प होतात. त्यांना वेगळा वर्ग लावून ‘कच्ची मुलं’ करू नका. पहिले सहा आठवडे सगळ्यांनाच दोन्ही भाषांत शिकवा, प्रश्न मराठीत विचारायला परवानगी द्या, प्रयोगवहीचा एक नमुना काढून द्या.

हंगाम संपल्यावर

एप्रिलमध्ये वही उघडा आणि जी मुलं गळाली त्यांची पानं वेगळी काढा. काही आईवडिलांबरोबर फडावर गेली असतील, कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, पुरा करायला. टोळी गावात आली की चार-पाच दिवसांनी घरी जा. हिशेब झालेला असतो, घरात थोडा निवांतपणा असतो. नापास झालाय की फॉर्मच भरला नव्हता, ते आधी समजून घ्या, कारण दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. राहिलेल्या विषयांचा फॉर्म भरता येत असेल तर तारीख लिहून द्या. रोज येणं शक्यच नसेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं जवळचं अभ्यासकेंद्र सांगा. त्याला कमी लेखू नका, हंगाम सांभाळून पदवी घेतलेली मुलं आमच्या तालुक्यात आहेत. मधलं वर्ष शिक्षणात खंड का पडला हे सांगणारं शपथपत्र तेव्हाच करून घ्या.

समन्वयकपद दुसऱ्याकडे जाईल तेव्हा नुसती फाईल देऊ नका. नवीन माणसाला बरोबर घेऊन समाजकल्याण कार्यालय, तहसीलचा अभिलेख कक्ष, बँक, पोस्ट, आगार ह्या सगळ्या ठिकाणी जाऊन या, ओळख करून द्या. पासवर्ड लिहून द्या. मग वही द्या, आणि ऑगस्टपासून दसऱ्यापर्यंतचे शनिवार त्यांच्या शेजारी बसा.